दगडी शाळेचे भाया

"शाळेनं घडवलं, शाळेनं घडवलं." शाळेच्या जुन्या पोरांनी हॉलमधी शोकसभा ठेवलती, अन् माइकवर येणारा दर माणूस हेच म्हणत होता. मी दुसऱ्या रांगेत लेकीच्या शेजारी बसून ऐकत होते. पुढं टेबलावर आमच्या भायांचा फोटो, त्याला हार, फोटोतही अंगात तोच हिरवा कोट. एक जण म्हणला, शिस्त बघा. दुसरा म्हणला, संस्कार बघा. तिसरा डोळे पुसून म्हणला, असा माणूस फक्त आपलीच शाळा घडवू जाणे. तव्हा जो राग आला, त्यो अजून उतरला नाय. म्हणून सांगायला बसले. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. सही येते, बसवरची पाटी लागते, तेवढंच. पण भायांचं ताट उभा जन्म मी वाढलंय. त्या हॉलमधल्या एकानंही नाय वाढलं.

भाया म्हंजी नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या पाचोडकडच्या गावात भायासमोर सुनंनं बोलायचं नसतं. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाय, समोरून जायचं नाय, आवाज ऐकू द्यायचा नाय. काही सांगायचं झालं तर सासूला सांगायचं, सासू त्यांना सांगणार. आजच्या पोरी ऐकून हसतेत. हसा म्हणावं. आम्हाला काही हसायला वेळ नव्हता.

सासू होती तवर तिच्यामार्फत चाललं. ती गेल्यावर घरात मी, मालक अन् भाया. मालक दिसभर रानात. मग मी दाराला सांगायला लागले. चुलीपुढून म्हणायचं, "दारा, भाकरी झाल्या." बाहेरून भाया म्हणायचे, "दारा, येतो म्हणावं." जेवताना म्हणायचे, "दारा, आज वरणात मीठ दिसत नाय." मी म्हणायची, "दारा, मीठ संपलंय. कुणी खुर्चीवरून उठून आणलं तर पडंल." त्या लाकडानं आमचं दोघांचं लई ऐकून घेतलं.

भाया लहानपणी हुशार. गावातून एकटेच परीक्षा पास होऊन शहरातल्या दगडी शाळेत गेले. तिथंच वसतिगृहात राहायचे, घंटीवर उठायचे, घंटीवर जेवायचे, इंग्रजीत बोलायचे. त्यांच्या खर्चासाठी सासऱ्यांनी म्हशी वाढवल्या. अन् म्हशीमागं कुणीतरी पाहिजे म्हणून माझ्या मालकाला तिसरीतून काढलं. एक भाऊ शाळेत, एक म्हशीमागं. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाय. मला वाटलं, पण ते मी दाराला पण बोलले नाय.

शाळा सुटली. भायांची नाय सुटली. नोकरी लागली होती शहरात, चांगली सरकारी. तिथं साहेब इंग्रजीत काही चुकीचं बोलला, तर यांनी भर ऑफिसात उठून त्याला दुरुस्त केला. एकदा नाय, रोज. साहेबानं एक दिवस विचारलं, "तुम्ही इथं कारकून हाय का हेडमास्तर?" भाया तिथून उठले ते थेट गावात. "त्या माणसाच्या हाताखाली माझ्यासारख्यानं काम करायचं?" म्हणले. पुढं केलंच नाय कुठं.

गावात येऊन बसले अन् घराची शाळा केली. आमच्या घरात एक टेबल, एक खुर्ची, दोन्ही त्यांचीच. आम्ही जमिनीवर. जेवायला चमचा. भाकरीसुद्धा चमच्यानं तोडायला बघायचे, तुटायची नाय, मग इकडंतिकडं बघून हातानं खायचे. अंगणातल्या लिंबाला घंटी म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता, त्यो चहाला, जेवणाला, अभ्यासाला वाजवायचे. अभ्यासाला कोण बसणार होतं? ते स्वतःच. एकदा दुपारी असे जोरात वाजवत सुटले की गावाला वाटलं गंजीला आग लागली. लोक बादल्या घेऊन पळत आले. भाया घड्याळ दाखवून म्हणले, "चहाची वेळ झाली." बादल्या घेऊन आलेली माणसं तशीच उभी. मग त्या सगळ्यांना चहा कुणी केला? मीच.

अन् त्यो कोट. शाळेचा, पितळी बटणांचा, खिशावर शाळेचं निशाण. पोराचा कोट बाप्याच्या अंगात कसा बसंल? गावातले शिंपीचाचा दर दोनचार सालांनी बाजूनं पट्ट्या घालायचे. पट्टीचा हिरवा वेगळा, कोटाचा वेगळा. शेवटी शेवटी मूळ कोट किती अन् चाचा किती, सांगता येत नव्हतं. चाचा म्हणायचे, "साहब, कोट फेंक दो, बटनां रख लो. बटनांच अच्छे हैं." भाया म्हणायचे, "चाचा, हा कोट सगळ्यांना मिळत नाही." चाचा म्हणायचे, "व्हय साहब, बाकी सब की किस्मत अच्छी है."

लग्न झालं नाय त्यांचं. पोरी दाखवल्या, नाय असं नाय. एका ठिकाणी पोरगी पोहे घेऊन आली, तर भायांनी तिला विचारलं, चमचा कोणत्या हातात धरतेस? पोरीचा बाप शेतकरी गडी, मिश्या मोठ्या. त्यो म्हणला, "पाव्हणं, आमची पोरगी भाकरी हातानं खाती अन् हातानंच थापती. तुमच्या घरी थापायला चमचा असंल तर सांगा, तो बी शिकवून धाडतो." झालं, उठले सगळे.

हे सगळं मी सोसलं. येडं माणूस हाय, घरात असतं एखादं. एका गोष्टीचा मात्र मला रोज राग यायचा. गोठ्यावरून जाताना भाया नाकाला रुमाल लावायचे. दिसातून दोनदा वासाच्या साबणानं आंघोळ. मालक धार काढून आले की भाया खुर्ची लांब सरकवायचे. ज्या म्हशीच्या दुधावर शिकले, तिचा वास सहन होत नव्हता. अन् ज्या भावानं धार काढली त्याचा बी. मालक काही बोलायचे नाय. उलट मलाच म्हणायचे, "दादा मोठ्या शाळेत शिकलेत. त्यांना नाय सवय."

मग मला लेक झाली. मंगल. ती बोलायला लागली अन् आमच्या दाराची सुटका झाली. चुलीपासून टेबलापर्यंत निरोप न्यायचं काम तिचं. भाया तिच्याशी इंग्रजीत बोलायचे. ते काय बोलले ते तिला कळायचं नाय, ती आवाज तसाच ओंजळीत धरल्यासारखा आत आणायची. "माय, मोर रोटी म्हणतेत." मी अंदाजानं भाकरी वाढायची. "माय, टू हॉट म्हणतेत." मी पाणी द्यायची. काही चुकलं की बाहेरून खाकरायचे, मग आम्ही दोघी दुसरं काही द्यायचो. असं करत करत पोरीच्या तोंडात इंग्रजी बसलं. कुणी शिकवायला बसलं नाय. सुनंनं भायाशी बोलू नये, या रीतीपायी शिकली ती.

गावात शाळा सातवीपर्यंत. मंगल सातवीत असताना तिचे गुरुजी घरी आले. मालकाला म्हणले, "दगडी शाळेत आता पोरींना घेतेत, वसतिगृह हाय. हिला परीक्षेला बसवा. ही पास होती म्हंजी होतीच." मालक म्हणले, "दादा म्हणतीन तसं." दुसरं काय म्हणणार? त्या शाळेचं घरात एकालाच ठावं.

अन् तिकडं मालकाच्या मावसभावानं आपल्या पोरासाठी मंगलला मागणी घातली होती. सातवी झाली की दिवाळीत उजवून टाकायची, असं जवळपास ठरलेलं. पोरगी अजून सागरगोटे खेळत होती. शाळेला हो म्हणले तर वसतिगृह, नाय म्हणले तर मांडव. मधलं काही नव्हतं.

गुरुजी गेल्यावर आठ दिस भायांनी घंटी वाजवली नाय. मला वाटलं, शाळेचं नाव निघालं म्हणून आनंदात असतीन. आपल्यानंतर घरातलं दुसरं कुणी जायलंय.

मग त्या दुपारी ते जेवायला बसले. उन्हाळा, तरी अंगात कोट. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मी मंगलला म्हणलं, "विचार, शाळेचं काय ठरलं." ती उंबऱ्यात उभी राहून म्हणली, "मोठे बाबा, माय विचारती, शाळेचं काय ठरलं?"

भायांनी वर न बघता सांगितलं, "टेल युवर मदर, नो."

पोरगी तशीच उभी. भाया म्हणले, "गो. सांग जा."

ती आत आली. माझ्यापुढं उकिडवी बसली अन् म्हणली, "माय, मोठे बाबा नाय म्हणले." अन् पिठाच्या परातीकडं बघत म्हणली, "अजून एक भाकरी पाहिजे का, ते विचारू का?"

रडली असती तर मी गप बसले असते. खरं सांगते. पोरी रडतेत, आया गप करतेत, मांडव पडतो. मी बी तशीच रडून आले होते ह्या घरात. पण ती रडली नाय. मीठ कमी हाय म्हणलेत, हे जसं सांगायची, तसंच सांगितलं तिनं. तिच्या स्वतःच्या नकाराचा निरोप, अन् तिनंच आणायचा.

मी उठले. हाताला पीठ तसंच. पदर खांद्यावर आला, येऊ दिला. उंबरा ओलांडून त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

भाया ताडकन उठले. खुर्ची मागं पडली. उभ्याउभ्याच त्यांनी कोटाचं बटण लावलं. मला तव्हा त्याचा काही अर्थ कळला नाय. वाटलं, आता मारतेत का काय.

दारात मालक, डोक्यावर वैरणीचा भारा. "अगं, अगं, काय करायलीस? आत हो," म्हणायला लागले.

मी म्हणलं, "काहून नाय?"

बस, एवढंच आधी. सून होऊन आल्यापासून त्यांच्याशी बोललेला माझा पहिला शब्द.

भाया बोलले ते साध्या आमच्या बोलीत. मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, त्यांच्या आईचाच आवाज आला. "बाई, तिथं पोरं माझ्याजवळ आली की नाक धरायची. म्हशीचा वास येतो म्हणायची. माझं अंथरूण उचलून व्हरांड्यात टाकायची. पहिलं सारं साल माझ्याशी कुणी बोललं नाय. लेकराला तिथं धाडायचं व्हय? तिच्याशी बी कुणी बोलणार नाय."

मला त्यांची कीव आली का? आली थोडी. पण राग जास्त आला. म्हंजी हा सारा इंग्रजीचा, चमच्याचा, साबणाचा थाट त्या पोरांच्या नाकापायी होता. अन् ती पोरं तिकडं शहरात मजेत, रुमाल मात्र माझ्या नवऱ्यापुढं.

मी म्हणलं, "मी ह्या घरात आल्यापासून तुम्ही तरी माझ्याशी कुठं बोललात? मेले का मी? कुणी बोललं नाय म्हणून माणूस मरत नाय, भाया. मला विचारा."

मी पिठाचं बोट दाराकडं केलं.

"वासाचं म्हणता, तर ज्याच्या अंगाला त्यो वास हाय, त्यो दारात उभाय. त्याला तिसरीतून काढलं तव्हा तुम्ही शाळेत गेलात. तुमच्या वाटची म्हशीमागची उन्हं त्यानं खाल्ली. आता त्याच्या लेकीला नाय म्हणायचं असंल तर त्याच्याकडं बघून म्हणा. पोरीच्या हाती निरोप धाडू नका."

भायांनी मालकाकडं बघितलं. मालकांनी भारा खाली टाकला नव्हता, मान वाकवून तसेच उभे. आत तव्यावर भाकरी जळायला लागली, तिचा वास बाहेर आला.

"जाईल ती," भाया म्हणले.

मी पदर डोक्यावर घेतला अन् आत गेले. जळकी भाकरी मीच खाल्ली.

गावात बोभाटा झाला. बाई भायासमोर उघड्या डोक्यानं भांडली म्हणून पाण्यावर बाया माझ्यासाठी जागा सोडायच्या, म्हंजी लांब सरायच्या. मालक महिनाभर माझ्याशी धड बोलले नाय. मावसभावानं येणंजाणं तोडलं. होऊ दे म्हणलं.

परीक्षेला मंगलला भायाच घेऊन गेले. कोट झाडला, टाय बांधली, बुटाला पालीश. तिथं काय झालं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाय. मंगलनं मला लई सालांनी सांगितलं. मोठ्या फाटकापाशी राखणदारानं यांना अडवलं. हिरवा कोट, पितळी बटणं, वेगळ्या रंगाच्या पट्ट्या बघून त्यो म्हणला, "बँडवाले मागच्या दारानं." तिथं कसला तरी कार्यक्रम होता म्हणे. मंगल म्हणली, "मोठे बाबा, त्याला सांगा ना." भायांनी तिचा हात धरला अन् मागच्या दाराकडं निघाले. चालता चालता म्हणले, "हे दार बी चांगलं हाय. ऊन लागत नाय." साऱ्या जन्माचं इंग्रजी येणारा माणूस, फाटकाशी एक शब्द निघाला नाय त्याच्या तोंडून.

मंगल पास झाली. तिच्याशी बी पहिल्या साली फारसं कुणी बोललं नाय. दुसऱ्या साली बोलायला लागले. आता ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर मोठी बाई हाय, तिच्या हाताखाली माणसं हायेत. दुधाचाच कारखाना. वासाचं ती काही बोलत नाय.

ती वसतिगृहात गेली अन् घरात निरोप न्यायला कुणी उरलं नाय. मी पुन्हा दाराला सांगायला लागले. गावाला वाटलं असंल की आता ही रोज भायाशी गप्पा मारंल. काय बोलायचं? बोलायचं ते बोलून झालं होतं.

पण एक नवंच सुरू झालं. मी पदर घेऊन ताट ठेवायला गेले की भाया उठून उभे राहायचे. बटण लावायचे, मी आत जाईस्तोवर उभे. भाजी वाढायला गेले, उभे. पाणी द्यायला गेले, उभे. वरण गार व्हायचं. गाव हसायला लागलं. थोरला भाऊ धाकट्याच्या बायकोपुढं उभा राहतो, हे कुणी ऐकलंय का? चाचा बाहेरून ओरडायचे, "भाभी, साहब को बिठाओ, घुटने जाएंगे उनके." मला बी राग यायचा. उभं राहून काय होतंय? एकदा तरी स्वतःचं ताट उचललं असतं, तर मी समजले असते. ते नाय केलं शेवटपर्यंत. पण बसूनही राहिले नाय कधी.

अजून एक. गोठ्यावरून जाताना रुमाल मात्र खिशातच राहायला लागला.

मालक गेले तव्हा मंगलनं आम्हा दोघांना चिकलठाण्याला आणलं. तिसऱ्या मजल्यावर घर, वरून विमान गेलं की भांडी थरथरतेत. तिथं तर सगळ्यांचंच टेबल. मी अजून खालीच बसते. भाया थकले होते. मी चहा घेऊन आले की टेबलाला धरायचे, मग भिंतीला धरायचे, पण उठायचे. शेवटी शेवटी खाटेवरून उठता येईना, तरी कोपरावर जोर द्यायचे, कोटाचं बटण चाचपायचे. कोट अंगात नसायचाच तव्हा, बनियनवरच चाचपायचे. एके दिवशी मला बघवलं नाय. मी म्हणलं, "बसा, भाया."

ते बसले. त्यांच्याशी बोललेली ही दुसरी वेळ. तिसरी आली नाय.

तर त्या हॉलमधी. सगळ्यांत शेवटी एक गोरागोमटा माणूस आला, कडक हिरवा कोट, नवा. त्यो म्हणला, "काका गेल्या साली आपल्या मेळाव्याला आले होते. एवढं वय, गुडघे गेलेले, पण घरातली बाईमाणूस आत आली की उठून उभे राहायचे, असं त्यांच्या पुतणीनं मला सांगितलं. हे कुठून आलं? हे आपल्या शाळेतून आलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मयताच्या सभेत टाळ्या.

मग त्यो मंगलकडं वाकून इंग्रजीत काहीतरी म्हणला. मला कळलं, आईला काही बोलायचंय का विचारायलाय. मला विचारायचं सोडून तिला. मी तिथंच बसलेली, एका हाताच्या अंतरावर.

मंगल माझ्याकडं वळली. "माय, निरोप्याचं काम मी कव्हाच सोडलंय. तुला सांगायचं असंल तर तूच सांग."

मी उठले. गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढले. माइक तोंडापुढं कुणीतरी धरला. मी म्हणलं, "उभं राहायचं शाळेनं शिकवलं म्हणता. बरं. मग मी सून होऊन आले तव्हापासून लेकीची सातवी होईस्तोवर ते माझ्यासमोर बसून जेवले, तव्हा शाळा कुठं गेलती? शिकवलं असंल तुम्ही. उठले ते मी समोर जाऊन उभी राहिल्यावर. तुमच्या शाळेनं त्यांचं अंथरूण व्हरांड्यात टाकलं होतं, ते बी सांगा कुणीतरी. ज्यांनी टाकलं, त्यांच्यातलं इथं कुणी बसलं असंल तर त्यानं बी ऐकावं."

माझे पाय दुखायला लागले होते. मी समोर बघितलं. रांगाच्या रांगा भरलेल्या, गडी सगळे, हिरवे कोट, हाताची घडी, कुणाच्या मांडीवर फोन. शाळा तीच, कोट तोच. म्हातारी बाई समोर उभी, अन् सारे बसलेले.

भाया असते तर त्यांची खुर्ची एव्हाना मागं पडली असती.